वाद्यवृंदाचा पगार कोण देतो?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. पुण्याहून आलेला माझा भाचा आणि मी, कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात चहा-फराळ करून पायीच कमानी सभागृहात गेलो. एका युरोपीय वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. दूतावासाच्या निमंत्रणपत्रिका होत्या, तिकीट नव्हते. पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर साठेक वादक बसलेले दिसले. भाचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मध्यंतरात त्याने विचारले, "मामा, तिकीट तर नाहीच. मग एवढ्या माणसांचा पगार कोण देतं?"

प्रश्न साधा होता. पण ज्याचे आयुष्य मंजूर पदे, अनुदाने आणि खर्चाची शीर्षे यांच्या सहवासात गेले आहे, अशा माणसाला तो स्वस्थ बसू देईना. वाद्यवृंद ही संगीताची बाब आहे, तितकीच ती आस्थापनेचीही बाब आहे. किंबहुना तिचा इतिहास हा बव्हंशी आस्थापनेच्या खर्चाचाच इतिहास आहे. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात चित्रपटगीते सादर करणाऱ्या संचालाही 'ऑर्केस्ट्रा' म्हणतात. येथे मात्र मला साठ-ऐंशी वादकांचा, एकत्र सराव करणारा कायम समूह अभिप्रेत आहे.

प्रथम हिशेब पाहू. कमानी सभागृह १९७१ साली सुरू झाले. त्यातील आसने सहाशे तीसच्या आसपास आहेत. उदाहरणादाखल असे धरू की साठ वादकांना प्रत्येकी दिवसाला तीन हजार रुपये द्यावयाचे आहेत आणि एका कार्यक्रमासाठी तीन दिवस सराव व एक दिवस प्रत्यक्ष वादन आहे. केवळ वादकांच्या मानधनाची रक्कम सात लाख वीस हजार होते. सभागृह पूर्ण भरले तरी प्रत्येक श्रोत्याकडून अकराशे रुपयांहून अधिक घ्यावे लागतील, आणि त्यात सभागृहाचे भाडे नाही, संचालक नाही, वाहतूक नाही, वाद्यांची देखभाल नाही. त्याच रंगमंचावर ख्यालगायनाची मैफल ठेवली तर एक गायक, तबला, पेटी आणि दोन तानपुरे एवढ्यावर भागते. शिवाय त्या मैफलीला तीन दिवसांच्या सामूहिक तालमीचीही गरज नसते. रागसंगीत आपल्या देशात राजाश्रय गेल्यावरही तगून राहिले, याची अनेक कारणे आहेत. त्यांतील एक कारण हे अंकगणित आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन ही नावे ठाऊक असतील. या दोघा अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील विचार थोडक्यात असा. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एक कामगार पूर्वीपेक्षा अधिक माल काढतो आणि त्यामुळे त्याचे वेतन वाढविणे परवडते. वादकाचे तसे नाही. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या रचनेला जितके वादक आणि जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. परंतु वादकालाही आजच्या भावाने घरभाडे द्यावे लागते. म्हणून त्याचे वेतन इतरांच्या वेतनाबरोबर वाढतच जाते. परिणामी वाद्यवृंदाचा खर्च आणि तिकिटांचे उत्पन्न यांतील अंतर दरवर्षी रुंदावत जाते. व्यवस्थापक कितीही कुशल असला तरी ते बुजत नाही. कोणीतरी बाहेरून भर घालावी लागते, आणि ती कायम घालावी लागते.

पण खर्चाच्या प्रमाणाइतकेच त्याचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. श्रोत्याला दिसतो तो कार्यक्रम; खर्च होतो तो बव्हंशी तालमीवर. लंडनमध्ये एके काळी अशी पद्धत होती की वादकाला दुसरीकडे अधिक पैशांचे काम मिळाले तर तो तालमीला आपला बदली माणूस पाठवी. तालमीला एक, कार्यक्रमाला दुसराच, असेही घडे. १९०४ साली क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वूड यांनी ही पद्धत बंद केली, तेव्हा चाळिसाहून अधिक वादक बाहेर पडले आणि त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. बर्लिनमध्ये १८८२ साली, वॉर्साच्या दौऱ्यावर चौथ्या वर्गाच्या डब्यातून नेण्याचा मालकाचा बेत ऐकून चोपन्न वादक त्याला सोडून गेले. आजच्या बर्लिन फिलहार्मोनिकचा तो आरंभ. अवघ्या पाच वर्षांत त्यांची आर्थिक स्थिती इतकी खालावली की हर्मन वोल्फ या कार्यक्रम-व्यवस्थापकाला पुढे यावे लागले. दोन्ही उदाहरणांत वाद एकाच गोष्टीवरून झाला. कार्यक्रम नसलेल्या दिवशी वादकाच्या वेळेवर हक्क कोणाचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची?

आता आपल्या देशाकडे वळू. कोपर्निकस मार्ग हा त्यासाठी सोयीचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाला मंडी हाउसचा चौक. मंडी संस्थानच्या राजाचा वाडा तेथे होता. वाडा गेला, नाव उरले आणि तेथे दूरदर्शन भवन उभे राहिले. दुसऱ्या टोकाला, इंडिया गेटच्या बाजूस, फरीदकोट हाउस आहे, जेथे आज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. त्याच्या शेजारीच गायकवाडांचे बडोदा हाउस; तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. संस्थानिकांच्या वास्तूंत सरकारी कचेऱ्या आल्या. कलेच्या आश्रयाचेही नेमके हेच झाले.

बडोद्याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत दरबारातील गायक, वादक, नर्तकी यांची व्यवस्था 'कलावंत कारखाना' या खात्याकडे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याचे नियम बांधले गेले होते. कलावंत म्हणजे महाराजांच्या मर्जीचा माणूस ही कल्पना मागे पडून तो खात्याचा नोकर ठरला. मौलाबक्ष यांच्या संगीतशाळेने, जिची स्थापना १८८६ ची, स्वरलेखनाचा आणि समूहशिक्षणाचा पाया घातला. तिकडे विंध्य प्रदेशातील मैहर या लहानशा संस्थानात अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला. त्याला आश्रय मैहरच्या महाराजांचा होता. मैहर बँड इतकी वर्षे टिकला, कारण त्यातील मुले रोज एकत्र बसत होती आणि त्यांच्या पोटाची चिंता दुसऱ्या कोणी वाहिली होती.

संस्थाने विलीन झाल्यावर ही चिंता भारत सरकारकडे आली. १९५२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. संगीत नाटक अकादमीच्या स्थापनेचा ठराव त्या वर्षीचा. तिची कचेरी पुढे याच परिसरातील रवीन्द्र भवनात आली. कोपर्निकस मार्गावरील भारतीय कला केंद्राचा जन्मही १९५२ चाच. आणि त्याच वर्षी आकाशवाणीने दिल्लीत आपला राष्ट्रीय वाद्यवृंद, म्हणजे 'वाद्यवृंद' या नावानेच ओळखले जाणारे पथक, पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू केले. रविशंकर हे अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य. मैहरचा वारसा असा दिल्लीला पोहोचला.

त्या काळचे नभोवाणीमंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. संस्कृतचे अभ्यासक, पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेले हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ पर्यंत त्या खात्यावर होते. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून दूर करणारे मंत्री म्हणून त्यांची टवाळी पुष्कळ झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, हेही खरे. पण केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजू विसरली जाते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५४ पासूनचे आकाशवाणी संगीत संमेलन आणि वाद्यवृंदाचे संवर्धन हे सर्व त्यांच्याच कारकिर्दीतील. चित्रपटसंगीताला नुसता नकार देऊन भागणार नाही, त्याच्या तोडीचे काही निर्माण करावे लागेल, एवढे त्यांना समजले होते.

वाद्यवृंदाचा प्रयोग धाडसी होता. सतार, सरोद, बासरी, सारंगी, जलतरंग ही एकट्याने वाजविण्याची वाद्ये. प्रत्येक वादकाची तालीम स्वतंत्र घराण्याची, आणि कागदावरील स्वरलिपी पाहून वाजविण्याची सवय फारच थोड्यांना. रविशंकर १९५६ साली आकाशवाणीतून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी बासरीवादक पन्नालाल घोष आले. 'कलिंग विजय' ही त्यांची या काळातील प्रसिद्ध रचना. १९६० साली दिल्लीतच त्यांचे निधन झाले. साठीच्या दशकात ही धुरा त्यांचे मेहुणे अनिल विश्वास यांच्याकडे आली. ज्या चित्रपटसंगीताला उत्तर म्हणून हे पथक वाढविले गेले, त्याच चित्रपटसंगीताचा एक आद्य शिल्पकार त्याचा प्रमुख झाला! मद्रासलाही असे दुसरे पथक होते.

सरकारने येथे बॉमॉलच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले होते. तिकीट नाही, देणगीदार नाही. वादकांचा पगार अर्थसंकल्पातून. तालमीच्या दिवसाचाही पगार मिळे, कार्यक्रमाच्या दिवसाचाही. आरंभी हे वादक करारावरील 'स्टाफ आर्टिस्ट' होते. पुढे ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी अशा कलावंतांना नियमित शासकीय सेवेचे संरक्षण मिळाले. वृद्धापकाळी विपन्नावस्थेत गेलेल्या कलावंतांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, ते या निर्णयाला चूक म्हणणार नाहीत. मीही म्हणत नाही.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव राहिली. वाद्यवृंद हा एक समूह आहे, पण सरकारी नोंदवहीत समूहाला जागा नाही. तेथे फक्त पदे असतात. साठाव्या वर्षी एक सारंगीवादक निवृत्त होतो आणि एक पद रिक्त होते. भरतीचे नियम, जाहिरात, निवड समिती यांत काही वर्षे जातात. १९९७ साली आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारतीकडे गेले. तिचे मुख्यालय आज याच कोपर्निकस मार्गावर आहे. त्यानंतर नियमित भरती दीर्घकाळ रखडली. अर्थखात्याचा नियम असा की ठरावीक मुदतीपर्यंत रिक्त राहिलेले पद आपोआप रद्द समजावे. कारकुनाच्या पदाला हा नियम योग्यच आहे. वाद्यवृंदाला तो लावला की समूह एका दिवशी बंद होत नाही. तो एकेक खुर्चीने कमी होत जातो, आणि कोणत्याही एका दिवशी कोणी तो बंद केला असे म्हणता येत नाही.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका सांस्कृतिक संस्थेच्या आस्थापनेची फाईल माझ्याकडे आली होती. वादकांची चार पदे बरीच वर्षे रिक्त होती आणि संस्थेने ती भरण्याची परवानगी मागितली होती. मी कार्यक्रमांचे आकडे मागविले. ते कमी झालेले नव्हते. मी टिपणी लिहिली की पदे रिक्त असूनही संस्थेच्या कामात खंड पडलेला नाही, सबब ती पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता दिसत नाही. वरिष्ठांची मान्यता मिळाली आणि पदे रद्द झाली. प्रशिक्षणाच्या दिवसांत आम्हांला एक जुना विनोद सांगत. कार्यक्षमता तपासणारा एक अधिकारी सिम्फनी ऐकून अहवाल देतो की बारा व्हायोलिने एकच स्वर वाजवितात, तेव्हा अकरा कमी करावीत. त्या विनोदाला मी मनापासून हसलो होतो.

काही वर्षांनी त्या संस्थेतील एक ज्येष्ठ वादक एका समारंभात भेटले. ती टिपणी कोणाची हे त्यांना ठाऊक होते. तक्रारीचा सूर न काढता ते म्हणाले की कार्यक्रमांची संख्या कमी झाली नाही हे खरेच आहे. फक्त तेव्हापासून आम्ही सोप्या रचनाच वाजवितो. मी मागविलेल्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

सरकार नको, बाजार बरा, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास पाहावा. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात गोव्याचे वादक, हौशी पारशी मंडळी, नौदलाच्या बँडमधील वादक आणि युरोपातून आलेले निर्वासित होते. बहुतेकांचा चरितार्थ अन्यत्र चाले. खुद्द मेहली मेहता पन्नाशीच्या दशकात इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेले; त्यांचे चिरंजीव झुबीन १९५४ सालीच व्हिएन्नाला शिकावयास गेले होते. जगातील मोठमोठे वाद्यवृंद चालविणारा संचालक मुंबईने दिला, पण त्याला चालविण्यासाठी एक कायम वाद्यवृंद मुंबईला देता आला नाही.

त्याच शहरात चित्रपटसृष्टीने मात्र शेकडो वादकांना काम दिले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय संयोजकांनी ध्वनिमुद्रणासाठी मोठे वादकसंच उभे केले. पण मोबदला पाळीवर होता. संच सकाळी जमे आणि पाळी संपताच विरून जाई. ही उणीव ओळखणारे गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत शंभराहून अधिक वादकांचा भारतीय सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमविला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यात गायन केले. पैशाअभावी तो उपक्रम टिकला नाही आणि १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले. त्यांचे नाव आज लोकांना आठवते ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका चित्रपटगीतात ते गुंफले म्हणून.

नव्वदीच्या दशकात संगणक आणि सिंथेसायझर आले आणि ध्वनिमुद्रणाचे मोठे संच हळूहळू नाहीसे झाले. ज्या कोपर्निकसचे नाव या रस्त्याला आहे, त्याने ग्रहगतींबरोबर नाण्यांवरही एक प्रबंध लिहिला होता, १५२६ च्या सुमारास. हिणकस नाणे चलनात आले की चांगले नाणे लोक बाहेर काढत नाहीत, हे त्याने ग्रेशमच्या आधी सांगितले. गीताच्या दरात फरक पडत नसेल आणि श्रोत्याच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून भेदही कळत नसेल, तर निर्माता चाळीस व्हायोलिनवादकांना कशासाठी बोलावील? बाजाराने येथे काही वावगे केले नाही. त्याने आपल्या नियमाप्रमाणेच केले.

तिसरा मार्ग न्यासाचा. मुंबईच्या एनसीपीएने २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. खुश्रू सनटूक यांचा पुढाकार आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांचे संगीतनेतृत्व, अशी ही जोडी. कायम वादकांचा गाभा लहान. वर्षातून दोन हंगाम ठरवून बाकीचे वादक बाहेरदेशांतून आणावयाचे. वाद्यवृंद भारताचा आणि बहुसंख्य वादक परदेशी, अशी टीका त्यावर झाली. टीका खरी असली तरी व्यवस्थापनाची अडचणही खरी आहे. ओबो किंवा बसून वाजविणारा वादक घडवावयास दहा-बारा वर्षे लागतात, आणि नोकरीची शाश्वती नसेल तर कोणता पालक मुलाला त्या वाटेला लावील? म्हणून संस्थेने मुलांसाठी अकादमीही काढली. २०१९ साली हा वाद्यवृंद ब्रिटनचा दौरा करून आला. त्यातील भारतीय वादकांचे प्रमाण पुढच्या पिढीत किती वाढते, यावर या प्रयोगाचे मूल्यमापन व्हावे.

अमेरिकेत असलेल्या वाचकांना वाटेल की तेथे देणगीदार मुबलक, तेव्हा प्रश्न सुटला असेल. तसे नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने वेतनकपातीच्या वादात ऑक्टोबर २०१२ पासून पंधरा महिन्यांहून अधिक काळ टाळेबंदी केली. मधल्या काळात संचालक ओस्मो वॅन्स्का यांनी राजीनामा दिला, काही वादक इतरत्र गेले. कागदावर तूट कमी होत होती, आणि ज्याच्यासाठी तो कागद होता तो समूह फुटत होता. पुढे तडजोड झाली, वॅन्स्काही परतले.

दरबार, सरकार, बाजार आणि न्यास हे चारही आश्रयदाते आपण पाहिले. पैसा प्रत्येकाकडे होता. पण दरबार राजाच्या आयुष्याशी बांधलेला होता, बाजाराने तालमीची किंमत मोजली नाही, न्यासाला आयते वादक आणावे लागले, आणि सरकारने पगार दिला पण समूह मोजला नाही. माझ्या मते यांत सरकारची चूक दुरुस्त करावयास सर्वांत सोपी आहे, कारण तिला नवा पैसा फारसा लागत नाही. वाद्यवृंदाची पदे एकत्रित मंजूर करावीत. एक पद रिक्त झाले की ठरावीक महिन्यांत ते भरलेच जावे आणि मुदतीने रद्द होण्याच्या नियमातून ते वगळावे. वार्षिक अहवालात कार्यक्रमांच्या संख्येबरोबर हेही नोंदवावे की पाच वर्षांपूर्वी वाजविता येत नव्हती अशी कोणती रचना हे पथक आज वाजविते. आणि त्याला ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर काढून वर्षातून काही वेळा तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर बसवावे, म्हणजे चांगले-वाईट सांगणारे कोणी तरी फाईलीबाहेरही असेल.

असो. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मंडी हाउसच्या मेट्रो स्थानकाकडे चालताना भाच्याला मी यातील बरेचसे सांगितले. त्या टिपणीची गोष्टही सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, ती चार पदं परत नाही का मिळवता येणार?"

नवीन पदनिर्मितीचा प्रस्ताव करावा लागेल, कार्यभाराचे समर्थन द्यावे लागेल, अर्थखात्याची संमती लागेल, असे मी त्याला समजावून सांगू लागलो. सांगता सांगता लक्षात आले की तो प्रस्ताव आता माझ्याकडे आला तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन, की इतकी वर्षे या पदांवाचून तुमचे काम कसे चालले?